कोठडीतून दिसलेले माल्टा

कॅथरीन इव्हान्स व सारा चीव्हर्स या इंग्रज क्वेकर स्त्रिया अलेक्झांड्रियाला निघाल्या आणि वाटेत माल्टात इन्क्विझिशनच्या हाती सापडल्या. तीन वर्षांहून अधिक कैद! त्यांचे कथन १६६२ मध्ये लंडनला छापले गेले. उत्तरे निर्भय, भाषा बायबलने भारलेली. पण त्यात बेट दिसत नाही. उपासाच्या दिवशी शेजाऱ्याने मांस खाल्ले, अमकीने वशीकरण केले, असे सांगायला येणारा माल्टी माणूस भेटतो तो इम्दीनाच्या कॅथीड्रलमधील दफ्तरात. गोव्याचे इन्क्विझिशन १८१२ मध्ये बंद झाले. खटल्यांची बहुतेक कागदपत्रे नष्ट झाली. उरला मुख्यतः फ्रेंच वैद्य देलाँ. तोही परकाच कैदी. गोव्यातल्या शेजाऱ्यांविषयी त्याला किती विचारावे?