हेमिंग्वेचा कोळी व त्याचे शार्क

गळाला लागलेला मासा होडींत येण्यापूर्वींच शार्कनें तोडून नेणें, ही समुद्रावरील मासेमारींतील फार जुनी व नित्याची हानि आहे. ज्याचें पोट ह्या धंद्यावर चालतें तो ती हानि सोसतो; जो हौसेखातर गळ टाकतो तो तिची गोष्ट सांगतो. पाश्चात्त्य शिकारवाङ्मयांत अशा गोष्टींना तोटा नाहीं, आणि बहुतेकांचा सूर एकच असतो : मासा माझा होता, तो चोरानें पळविला. अर्नेस्ट हेमिंग्वे ह्या अमेरिकन ग्रंथकाराच्या 'दि ओल्ड मॅन अँड दि सी' ह्या १९५२ सालच्या लघुकादंबरीचें मोठेपण आमच्या मतें ह्यांत आहे कीं, तिनें ही तक्रारच नाहींशी केली. तिच्यांतील हानि संपूर्ण आहे. चोर मात्र कोणी नाहीं.

तक्रारीचा हा सूर हेमिंग्वेच्या चांगल्या परिचयाचा होता. १९३० सालीं ताहितीजवळ झेन ग्रे ह्या कादंबरीकारानें धरलेल्या प्रचंड मार्लिनचे लचके शार्कनीं तोडले, तरी उरलेलें धूड १,०४० पौंड भरलें. १९३५ सालीं बहामा बेटांतील बिमिनी येथें हेमिंग्वेचा चित्रकार मित्र हेन्री स्ट्रेटर ह्याच्या गळाला असाच एक मार्लिन लागला. शार्क जमतांच हेमिंग्वेनें त्यांच्यावर मशीनगन झाडली. त्या रक्तानें आणखी शार्क आले, आणि माशाचा मोठा भाग गेला. हौशी शिकाऱ्यांनीं तर ह्या हानीचा नियमच करून ठेवला आहे. १९३९ सालीं स्थापन झालेल्या इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनच्या कायद्याप्रमाणें शार्कनें लचका तोडलेला मासा विक्रमास पात्र होत नाहीं. येथें जातें तें नांव. कोणाच्या घरची चूल त्यामुळें विझत नाहीं.

म्हाताऱ्या कोळ्याची हकीकत हेमिंग्वेनें प्रथम १९३६ सालीं 'एस्क्वायर' मासिकांतील एका लेखांत थोडक्यांत सांगितली होती. क्यूबांतील काबान्यास येथून एकटाच निघालेला एक म्हातारा मार्लिनमागें दूर ओढला गेला; दोन दिवसांनीं इतर कोळ्यांना तो साठ मैल पूर्वेस सांपडला. होडीला बांधलेल्या माशाचा निम्म्याहून कमी भाग उरला होता, तरी तो ८०० पौंड भरला. शार्क अजून घिरट्या घालीत होते आणि म्हातारा वेड्यासारखा रडत होता. सोळा वर्षांनंतर ग्रंथकारानें ह्यांत काय बदललें, हें पाहाणें उद्बोधक आहे. सोडविणारे कोळी त्यानें काढून टाकले. उरलेलें मांसहि काढून घेऊन नुसता सांगाडा ठेवला. म्हाताऱ्याचें रडणें काढलें व तें मनोलिन ह्या मुलाला दिलें. त्याऐवजीं सांतियागोला, म्हणजे आपल्या म्हाताऱ्याला, त्यानें काम दिलें. आमच्या समजुतीप्रमाणें सगळी कादंबरी ह्या अखेरच्या बदलांत आहे.

तें काम कसलें, तें पाहा. ८४ दिवस रिकाम्या हातांनीं परतलेला म्हातारा ८५ व्या दिवशीं नेहमींच्या हद्दीपलीकडे जातो, आणि त्याच्या गळाला लागलेला मार्लिन अठरा फूट भरतो; होडीहून दोन फूट लांब. तो होडींत मावत नाहीं म्हणून बाहेरून बांधावा लागतो. काळजांत भाला गेल्यामुळें रक्ताचा लोट खोल पाण्यांत पसरलेला असतो. त्या वासावर तासाभरानें माको जातीचा पहिला शार्क येतो. ह्यांत कोठेंहि दैव आडवें आलेलें नाहीं. ज्या मोठेपणासाठीं मासा हवा होता, तें मोठेपणच त्याला वांचवूं देत नाहीं. माको मरतो, पण सुमारें चाळीस पौंड मांस तोडून आणि दोरासकट भाला घेऊन बुडतो. मग वल्ह्याला बांधलेली सुरी येते, ती मोडते. मग सोटा येतो. आणि तो गेल्यावर अंधारांत सुकाणूचा दांडा. हत्यारें संपत जातात तसतसा मासाहि संपत जातो. म्हातारा गेलेल्या मांसाचा हिशेब करतो, हलकी झालेली होडी आतां वेगानें जाईल अशी स्वतःची समजूत घालतो, आणि पुढें पुढें माशाकडे पाहाणेंच त्याला नकोसें होतें. शोकाच्या विशेषणांवांचून शोक कसा उभा करावा, ह्याचा हा भाग उत्तम नमुना आहे.

आतां म्हाताऱ्याची तक्रार कां नाहीं? गळाला लागलेला मासा पळूं शकत नाहीं. त्याचें पळणें मनुष्यानेंच काढून घेतलेलें असतें. शार्कच्या तोंडीं त्याला गळानेंच दिलें, हें म्हातारा जाणतो. म्हणून तो माशाची क्षमा मागतो व आपण फार दूर गेलों एवढाच दोष काढतो. कोणी म्हणेल कीं, माकोमागून येणाऱ्या 'गालानो' शार्कना तो शिव्या देतोच. खरें आहे. माकोचें शौर्य तो वाखाणतो, आणि मिळेल तें ओरबाडणाऱ्या गालानोंचा त्याला तिटकारा आहे. पण तो तिटकारा त्यांच्या रीतीचा आहे. त्यांतून मालकीचा दावा उभा राहत नाहीं.

टीकाकारांनीं मात्र ह्या शार्कना फार राबविलें आहे. १९५० सालीं प्रसिद्ध झालेल्या हेमिंग्वेच्या मागील कादंबरीची टीकाकारांनीं खरडपट्टी काढली होती. तेव्हां हे लचके तोडणारे म्हणजे टीकाकारच, असें कित्येकांनीं ठरवून टाकलें. ग्रंथकारानें १९५२ सालींच कलासमीक्षक बर्नार्ड बेरेन्सन ह्यांस लिहिलेल्या पत्रांत रूपकाचा इन्कार केला व शार्क म्हणजे शार्कच, असें कळविलें. ग्रंथकाराची साक्ष नेहमींच प्रमाण मानावी असें नाहीं. येथें मात्र ग्रंथच तिला पुष्टि देतो. शार्कला टीकाकार केलें कीं तो पुनः चोर होतो, म्हातारा अन्याय सोसणारा लेखक होतो, आणि बिमिनीची ती जुनी तक्रार मागील दारानें आंत येते.

ह्याच कसोटीवर ग्रंथकारहि एके ठिकाणीं उणा पडतो. गालानो दिसतांच म्हाताऱ्याच्या तोंडून निघालेला उद्गार, खिळा हातांतून लाकडांत जातांना निघावा तसा होता, असें तो सांगतो. परतल्यावर म्हातारा डोलकाठी खांद्यावर घेऊन चढ चढतो, वाटेंत पडतो, व खोपटांत तळवे वर करून पालथा निजतो. क्रूसाची ही आठवण वाचकाला आपोआप होत नाहीं. ती त्याच्या हातांत आणून दिली जाते. दोरानें कापलेले तळवे एवढेंच पुरेसें होतें.

मराठींत ही कादंबरी पु. ल. देशपांडे ह्यांनीं १९६५ सालीं 'एका कोळियाने' ह्या नांवानें आणली. नांव चतुर आहे. मासे मारणारा तो कोळी आणि जाळें विणणारा तोहि कोळी; शाळेंत शिकलेली कोळ्याच्या चिकाटीची कविता वाचकाला तत्काळ आठवते. परंतु चिकाटीला फळ मिळतें हा धडा ह्या पुस्तकांत शोधणारा वाचक त्याचा उत्तरार्धच गमावतो. सांतियागोची चिकाटी पुरी आहे, आणि फळहि पुरें जातें.

आजच्या वाचकापुढें आणखी एक गोष्ट आहे. पहिला लचका तोडणाऱ्या माकोची जातच आतां संकटांत असून २०१९ सालीं साइट्स कराराखालीं त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आलें. लुटारू म्हणून ज्याच्यावर गोळ्या झाडल्या, तोहि हरणाराच निघाला. शार्कला चोर न ठरविणारी ह्या कादंबरीची दृष्टि त्यामुळें जुनी झालेली नाहीं. उलट ती अधिक पटूं लागली आहे.

कादंबरीच्या अखेरीस एक प्रवासी बाई पाण्यांतील तो लांब सांगाडा पाहून, हें काय, म्हणून विचारते. शार्कनीं काय केलें तें वेटर मोडक्यातोडक्या इंग्रजींत सांगूं लागतो, आणि तो सांगाडा शार्कचाच अशी तिची समजूत होते. हानि येथें पुरी होते : मासा गेला, आणि गेला तो कोण होता हेंहि गेलें. म्हातारा त्या वेळीं आपल्या खोपटांत झोंपलेला आहे. ग्रंथकार त्याला उठवून ती चूक दुरुस्त करीत नाहीं. हा संयमच ह्या पुस्तकाचा सर्वांत मोठा गुण होय, असें आम्हांस वाटतें.