अ‍ॅमेझॉनवरील अकरा वर्षे

हेन्री वॉल्टर बेट्सचे 'द नॅचरॅलिस्ट ऑन द रिव्हर अ‍ॅमेझॉन्स' हे पुस्तक १८६३ मध्ये लंडनला दोन खंडांत प्रसिद्ध झाले. आज त्याच्या ज्या स्वस्त प्रती मिळतात, त्यांपैकी पुष्कळशा १८६४ च्या संक्षिप्त आवृत्तीवरून छापलेल्या असतात. अवघड शास्त्रीय प्रश्नांची चर्चा सामान्य वाचकाला पेलणार नाही, असे वाटून बेट्सने ते भाग या आवृत्तीत आखडते घेतले. ही काटछाट पुस्तकाला मानवली नाही, असे आमचे मत आहे. ते का, हे विज्ञान शिकवणाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

बेट्स इंग्लंडमधील लेस्टरचा. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो मोजे-कपड्यांच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी करू लागला. १८४८ मध्ये तो आल्फ्रेड रसेल वॉलेससह ब्राझीलमधील पारा (आजचे बेलेम) येथे उतरला. गोळा केलेले नमुने लंडनला विकून त्यावर दोघांनी गुजराण करायची, असा बेत होता. वॉलेस १८५२ मध्ये परतला. बेट्स मात्र १८५९ पर्यंत राहिला. त्याने प्राण्यांच्या १४,७१२ जाती जमवल्या. त्यांत कीटक सर्वाधिक होते आणि सुमारे ८,००० जाती विज्ञानाला नवीन होत्या.

परंतु पुस्तकाचे मोल या आकड्यात नाही, बेट्सच्या पाहण्याच्या पद्धतीत आहे. कासवांचेच उदाहरण घेऊ. पाणी ओसरले की नदीतील वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि तेथे कासवांच्या माद्या अंडी घालतात. ती उकरून गावकरी तेल काढीत. 'असंख्य अंडी नष्ट होतात' असे लिहून बेट्स थांबत नाही. वर्षाला ६,००० बुधले तेल बाहेर जाते, २,००० तेथेच खपते आणि एका बुधल्याला सुमारे ६,००० अंडी लागतात; म्हणजे वर्षाला ४ कोटी ८० लाख अंडी! हा गुणाकार सातवीच्या वर्गातही करता येईल. अंदाज कशावरून बांधला, त्यात चूक कोठे शिरू शकेल, हेही मुलांना विचारता येईल.

दुसरे उदाहरण पाने कापणाऱ्या साऊबा मुंग्यांचे. पानांचे तुकडे वारुळाशी नेऊन टाकणाऱ्या मुंग्या बेट्सने बारकाईने पाहिल्या आणि ही पाने वारुळाचे छप्पर शाकारण्यासाठी असतात, असा निष्कर्ष काढला. तो चुकीचा होता. मुंग्या त्या पानांवर बुरशी वाढवतात व तीच खातात, असे थॉमस बेल्टने १८७४ मध्ये निकाराग्वातील निरीक्षणांवरून मांडले आणि पुढे ते खरे ठरले. बेट्सने काय पाहिले ते तपशिलाने लिहिले असल्यामुळे त्याचा तर्क नेमका कोठे घसरला, हे आपल्याला दाखवता येते. आपल्या पाठ्यपुस्तकांत बहुधा फक्त बरोबर उत्तर असते; तेथे पोहोचण्याची वाट नसते.

पुस्तकातील एक दोष मात्र झाकून चालणार नाही. स्थानिक इंडियन लोकांविषयी बेट्स मंद, न बदलणारे अशी सरसकट विधाने करतो. होडी वल्हवणे, जंगलात वाट काढणे, शिकार शोधणे या सर्वांत तो त्यांच्याच ज्ञानावर विसंबून होता. फुलपाखरांच्या एकाच जातीतील सूक्ष्म फरक टिपणारा हा माणूस माणसांविषयी इतक्या घाईने बोलतो, हे खटकते.

बेट्सचा दीर्घ मुक्काम एगा या गावी होता. त्याचे आजचे नाव टेफे. तेथील डॉल्फिनांविषयी आणि ते सुंदर स्त्रीचे रूप घेतात या लोकसमजुतीविषयी त्याने लिहिले आहे. २०२३ च्या दुष्काळात त्याच टेफे सरोवराचे पाणी ३९ अंश सेल्सियसपेक्षाही तापले आणि दीडशेहून अधिक डॉल्फिन मेले. नदी किती बदलली हे ठरवायला ती पूर्वी कशी होती याच्या नोंदी लागतात, आणि बेट्सचे पुस्तक ही अशीच एक नोंद आहे.

काटछाटीबद्दल आमची तक्रार आहे ती यासाठी. खाण्यास योग्य नसलेल्या फुलपाखरांसारखी दिसणारी दुसरी फुलपाखरे पक्ष्यांपासून बचावतात आणि हे साम्य निसर्गनिवडीने घडते, असे बेट्सने १८६२ च्या निबंधात मांडले. डार्विनच्या सिद्धान्ताला त्यामुळे मोठा आधार मिळाला. हा विचार ज्या प्रवासात सुचला, त्याच्या वर्णनातून विचाराचाच भाग कमी केला, तर उरते ते बरेचसे साहस. सोपे करून सांगणे म्हणजे कारणे गाळणे नव्हे. शाळेच्या ग्रंथालयासाठी हे पुस्तक घ्यायचे झाल्यास शक्यतो १८६३ चा पूर्ण पाठ असलेली प्रत मागवावी. निदान एगाविषयीची प्रकरणे तरी शिक्षकांनी सावकाश वाचावीत.