डाव राखला, खेळाडूंचं काय?

मंडळी, किशोरी खो-खोच्या बातमीत ‘एक डाव राखून विजय’ असं आलं, की आपण कौतुकानं वाचतो. आमचं भांडण त्या कौतुकाशीच आहे.

मैदानात एका संघाच्या नऊ जणी. संरक्षणाला मात्र तिघींची तुकडी उतरते. ती बाद झाली की पुढची. प्रतिस्पर्धी दुबळा असला, की पहिल्या तिघीच वेळ संपेपर्यंत पळतात. बाकीच्या सहा जणी बसून. त्यात आघाडी मोठी म्हणून समोरच्यांना लागोपाठ आक्रमण दिलं आणि डाव राखला, की जिंकणाऱ्यांचं दुसरं आक्रमण आणि हरणाऱ्यांचं दुसरं संरक्षण, दोन्ही बुडालं.

कौशल्य करण्यातूनच येतं, असं ॲरिस्टॉटल मानतो. मग सुरगाण्याहून एसटीनं नाशिकला आलेली तिसऱ्या तुकडीतली पोर शिकणार कधी?

कुणी म्हणेल, ‘सर, स्पर्धा आहे, जिंकायलाच हवं.’ कबूल! बाद फेरीत जरूर जिंका. पण साखळीत दुसरा डाव पूर्ण खेळवावा आणि तिसरी तुकडी आधी उतरवावी. गुणफलक बिघडेल, बिघडू द्या.

टाळ्या आम्हीही वाजवल्यात. बसलेल्या सहा जणींकडे तेव्हा आमचंही लक्ष नव्हतं.