मूळस्थान आणि संहिता : परत आलेल्या वस्तूंचा अर्थ

वासाहतिक काळात अथवा चोरट्या व्यापारातून परदेशी गेलेल्या प्राचीन वस्तू मूळ देशांना परत कराव्यात की नाही, या प्रश्नाची चर्चा प्रायः मालकी, नीती आणि कायदा यांच्या परिभाषेत होते. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र या चर्चेच्या मुळाशी एक परिचित प्रश्न दिसतो : अर्थ वस्तूत असतो, की ती वाचणाऱ्या समाजाच्या संकेतव्यवस्थेत? अर्थ वस्तूतच असतो असे मानले, तर ती लंडनमध्ये असो वा तंजावरात, काही बिघडत नाही. मोठ्या युरोपीय संग्रहालयांची भूमिका स्थूलमानाने अशी आहे. नवलाची गोष्ट ही की, प्रत्यार्पणाचे पुरस्कर्तेही पुष्कळदा हेच गृहीत धरतात. वस्तू परत आली म्हणजे तिच्यासोबत अर्थही परत आला, असे ते मानतात. ही दोन्ही गृहीते तपासणे आवश्यक आहे.

तामिळनाडूतील पातूर येथील नटराजाचा खटला या दृष्टीने उद्बोधक आहे. ही चोळशैलीची कांस्यमूर्ती १९७६ साली एका उद्ध्वस्त शिवालयाच्या परिसरात जमिनीखाली सापडली. हस्ते-परहस्ते ती लंडनला पोचली आणि १९८२ साली एका कॅनेडियन कंपनीने ती विकत घेतली. पुढे पोलिसांनी ती ताब्यात घेतली. त्यानंतरच्या खटल्यात शैलीचिकित्सेला पुराव्याचे स्थान मिळाले : त्याच स्थळी सापडलेल्या इतर मूर्तींशी या मूर्तीचे कुलसाम्य आहे काय, यावर तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. १९८८ सालचा निकाल मंदिराच्या बाजूने लागला आणि १९९१ साली अपील न्यायालयाने तो कायम केला. दगडांच्या ढिगाऱ्यापलीकडे फारसे काही न उरलेले ते देवालय इंग्लंडच्या न्यायालयात दावेदार म्हणून उभे राहू शकते, हे मान्य झाले.

भारतीय कायद्यात देवतेला व्यक्तित्व असते, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ सालीच स्वीकारले होते. आपले अलंकारशास्त्र ज्याला चेतनगुणोक्ती म्हणते, ती येथे अलंकार राहत नाही. तिला मालमत्ता धारण करता येते आणि फिर्यादही करता येते. संग्रहालयाची भाषा मात्र नेमकी हीच चेतना वजा करून सिद्ध होते. उत्सवमूर्ती स्नान घालण्यासाठी, नटवण्यासाठी, मिरवण्यासाठी असते. वस्त्रे, दागिने आणि फुले यांच्यामुळे तिचा बराचसा भाग भक्ताला दिसतही नाही. दालनातील प्रकाशात चहूबाजूंनी दिसणारे तिचे ‘शुद्ध’ रूप हे संदर्भ काढून घेतल्याचे फलित आहे. मर्ढेकरांपासून मराठी समीक्षेत कलाकृतीच्या स्वायत्ततेचा जो विचार झाला, त्याकडेही या काचेच्या पेटीच्या बाजूने एकदा पाहायला हवे.

मग मूर्ती परतल्याने ‘मूळ’ हाती लागते काय? येथे पाठचिकित्सेचा दाखला उपयोगी पडतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारत-आवृत्तीच्या संदर्भात वि. स. सुकथनकरांनी स्पष्ट बजावले होते की, सिद्ध केलेली संहिता हा आदिम भारताचा पाठ नव्हे. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे पोचता येईल असा तो प्राचीनतम पाठ होय. परत आलेल्या मूर्तीचेही असेच आहे. पातूरच्या देवळातील पूजापरंपरा केव्हाच खंडित झाली होती. शिवाय तामिळनाडूत चोरीच्या भयामुळे कितीतरी मूर्ती तिरुवारूरसारख्या ठिकाणी सरकारी सुरक्षाकेंद्रांत कुलूपबंद असतात. तेथे ना मिरवणूक असते, ना दालन.

महाराष्ट्रात हा प्रश्न जुलै २०२४मध्ये वेगळ्या रूपाने समोर आला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तीही तीन वर्षांच्या कराराने. सार्वजनिक भाषेत ती ‘परत आली’. करारानुसार ती उसनी आहेत. ही वाघनखे साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडून त्याच्या वंशजांकडे आणि त्यांच्यामार्फत संग्रहालयाकडे गेली. ती शिवरायांची असल्याचे सांगणारा मजकूर त्यांच्या पेटीवर इंग्रजीत आहे. १६५९ साली वापरलेली वाघनखे हीच, हे पडताळता येत नाही, असे खुद्द संग्रहालय नोंदवते. म्हणजे ज्या वस्तूवर आपण अस्मितेचे कथन उभारतो, तिची ओळख वासाहतिक घराण्यातून आलेल्या एका मथळ्यावर विसंबून आहे. हा ग्रँट डफ १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासाचाही कर्ता होता, ही गोष्ट येथे विसरता येत नाही.

या शंकांचा उपयोग प्रत्यार्पणाच्या विरोधात करणे मात्र गैर ठरेल. मूळ पाठ शुद्ध स्वरूपात मिळत नाही, म्हणून पळवलेले हस्तलिखित पळवणाऱ्याकडेच राहू द्यावे, असे कोणताही संपादक म्हणणार नाही. वस्तूबरोबर अर्थ आपोआप येत नसला, तरी अर्थ लावण्याचा अधिकार येऊ शकतो, आणि वादाचा खरा विषय हाच आहे. पातूरच्या निकालाने तो अधिकार एका भग्न देवळाला दिला. उसनवारीच्या करारात तो मुख्यतः मालकाकडेच राहतो. म्हणून वस्तूची मागणी करताना तिच्या प्रवासाची कागदपत्रे, खरेदीच्या नोंदी आणि जुने मथळेही मागितले पाहिजेत. आपल्या दालनातील फलकावर तो सारा प्रवास लिहिला पाहिजे, त्यातील ‘सिद्ध झालेले नाही’ हे वाक्यही न गाळता. ते वाक्य वाचण्याची तयारी नसेल, तर परदेशी संग्रहालयाच्या मथळ्याच्या जागी आपण केवळ आपला मथळा लावला, एवढेच घडेल.