जायसीची मूठभर राख

संजय लीला भन्साळी यांचा ‘पद्मावत’ २५ जानेवारी २०१८ रोजी पडद्यावर आला. त्याआधी वर्षभर त्याचाच गाजावाजा होता. जानेवारी २०१७ मध्ये जयपूरला सेटवर हल्ला झाला. मार्चमध्ये आपल्या कोल्हापूरजवळ मसाई पठारावरचा सेट जाळला गेला. काही राज्यांनी घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केली. ‘पद्मावती’चे ‘पद्मावत’ झाले तेव्हा मला बरेच वाटले. निदान या निमित्ताने मलिक मुहम्मद जायसी घराघरांत पोहोचेल, अशी आशा होती. ती फोल ठरली.

जायसी हा अवधी भाषेतला सूफी कवी. शेरशाह सूरीच्या काळात, १५४० च्या सुमारास त्याने ‘पद्मावत’ रचले. चितोड पडले ते १३०३ मध्ये. त्या स्वारीत सुलतानाबरोबर असलेल्या अमीर खुसरोने विजयाचे वर्णन फारसीत लिहिले आहे. त्यात पद्मिनीचे नाव नाही. पण हा इतिहास की कल्पना, या वादात मला शिरायचे नाही. चित्रपट सुरुवातीलाच जायसीचा आधार सांगतो. मग त्याच कसोटीवर त्याला तपासले तर काय चुकले?

काव्यात हिरामन नावाचा पोपट आहे. त्याच्या तोंडून पद्मावतीचे वर्णन ऐकून रत्नसेन राज्य सोडतो, जोगी होतो आणि सिंहलद्वीपाची वाट धरतो. सूफींच्या दृष्टीने ही ओढ ईश्वराची आणि पोपट म्हणजे वाट दाखवणारा मुर्शिद. चित्रपटात पोपटच नाही! राजा मोती आणायला जातो आणि शिकारीस निघालेल्या पद्मावतीचा बाण त्याला लागतो. काव्याचा प्राण तिथेच गेला.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. जायसीचा रत्नसेन अलाउद्दीनच्या हातून मरत नाही. कुंभलनेरचा राजा देवपाल पद्मावतीवर डोळा ठेवतो. त्याच्याशी लढताना झालेल्या जखमेने रत्नसेन मरतो. वासनेला धर्म नसतो, हे जायसीला ठाऊक होते. चित्रपटाने देवपालला वगळून सारे पाप एकाच माथी मारले. रत्नसिंहाच्या पाठीत बाण घुसतात तेही खिलजीच्याच बाजूचे.

हा खिलजी रणवीर सिंगने जीव ओतून रंगवला आहे, यात शंका नाही. पण तो लिहिलाच आहे जनावरासारखा. खरा अलाउद्दीन कोणी वली नव्हता. चुलता आणि सासरा असलेल्या जलालुद्दीनचा खून करून तो १२९६ मध्ये गादीवर आला. आपली देवगिरीही त्याने त्याच वर्षी लुटली. पण बाजारभाव बांधून देणारा आणि मंगोलांच्या स्वाऱ्या परतवणारा सुलतानही तोच. झियाउद्दीन बरनीने त्याचा क्रूरपणा लिहिला आणि कारभारही लिहिला. चित्रपटवाल्यांना फक्त मांसाचे लचके तोडणारा माणूस हवा होता.

माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलाने विचारले, “टीचर, आपले बादशाह असेच होते का?” त्याच्या ‘आपले’ या शब्दाने मी गप्प झाले. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या सुलतानाची लाज या पोराने का वाहावी? चित्रपटगृहातून बाहेर पडताना हे ओझे कोणी त्याच्या दप्तरात टाकले?

शेवट तर पाहवत नाही. गर्भवती बाईसुद्धा जोहारात चालत जाते आणि कॅमेरा ते एखाद्या सणासारखे दाखवतो. जायसीकडेही राण्या जळतात, पण तिथे जल्लोष नाही. अलाउद्दीन पोहोचतो तेव्हा फक्त राख उरलेली असते. तो मूठभर राख उचलतो, वाऱ्यावर उडवतो आणि हे जग खोटे असल्याचे त्याला उमगते. चितोड मिळाले, पण हाती काहीच लागले नाही. एका मुसलमान कवीने राजपूत राणीची कथा डोळ्यांत पाणी आणून सांगितली आणि सुलतानालाही पश्चात्तापाचा एक क्षण दिला. कोट्यवधींच्या सेटवर त्या मूठभर राखेला जागा मिळाली नाही.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. अलाउद्दीनचा धडा बाजूला ठेवला आणि हिरामन पोपटापासून सुरुवात केली.