शिवछत्रपतींचा अंतकाळ आणि विषप्रवाद

शिवछत्रपतींनीं शके १६०२, रौद्र संवत्सर, चैत्र शुद्ध १५, शनिवार या दिवशीं रायगडावर देह ठेविला. तिथीपुरता यांत आतां वाद उरलेला नाहीं. वाद आहे तो देह कशानें पडला यासंबंधीं, आणि तो संशोधकांत जितका आहे त्याच्या शतपट लोकांत आहे. प्रस्तुत लेखकाचा जन्म शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेला, परंतु बदली म्हणून इतिहासाचा तास घेण्याची पाळी जेव्हां जेव्हां आली, तेव्हां तेव्हां वर्गांतून एक प्रश्न हटकून येई : "गुरुजी, महाराजांना विष घातलें ना?" यांतील ‘ना’ लक्षांत घेण्याजोगा आहे. विचारणाऱ्यास उत्तर नको असे, दुजोरा हवा असे.

हा दुजोरा बखरींनीं दिला, बखरींवरून इंग्रज इतिहासकारानें दिला, आणि नाटक-कादंबऱ्यांनीं तर मागितल्यापेक्षां अधिक दिला. वा. सी. बेंद्रे यांचा संभाजीचरित्राचा ग्रंथ १९६० सालीं व डॉ. कमल गोखले यांचा १९७१ सालीं प्रसिद्ध झाला, आणि संभाजीराजांच्या नांवावरील पुष्कळसा काजळ पुसला गेला. हें योग्यच झालें. मात्र पुत्राच्या अंगावरून निघालेला काजळ लोकांनीं उचलून सापत्नमातेस फांसला. एका व्यक्तीस न्याय देतांना दुसरीवर पुराव्यावांचून पतिहत्येचा आरोप कायम करणें हा कोणत्या न्यायशास्त्रांतला न्याय? म्हणून या प्रकरणाचीं साधनें पुन्हा एकदां क्रमानें तपासण्याचें योजिलें आहे.

प्रवादास खतपाणी मिळेल अशी परिस्थिति त्या वेळीं खरोखर होती, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. ७ मार्च १६८० रोजीं दहा वर्षांच्या राजारामांची मुंज झाली व १५ मार्च रोजीं प्रतापराव गुजरांच्या कन्येशीं त्यांचा विवाह झाला. वडील पुत्र पन्हाळ्यास होते. ते या कार्यांस नव्हते. त्यानंतर फार दिवस गेले नाहींत तोंच महाराज अंथरुणास खिळले. मृत्यूची वार्ता कांहीं काळ गडाखालीं उतरूं दिली नाहीं. संभाजीराजांवांचून उत्तरक्रिया झाली आणि २१ एप्रिल रोजीं राजारामांस मंचकावर बसविण्यांत आलें. पुढें मोरोपंत पेशवे व अण्णाजी दत्तो हे संभाजीराजांस हस्तगत करण्याकरितां पन्हाळ्याच्या रोखें निघाले, तेव्हां सेनापति हंबीरराव मोहिते यांनीं उलट त्यांनाच अटकेंत घातलें. हे हंबीरराव सोयराबाईंचे बंधु. बंद दरवाजे, लपविलेला मृत्यु आणि घाईनें बसविलेला बालराजा, इतकी सामग्री असतां लोकांनीं विषाचें नांव घेतलें नसतें तरच नवल. पण संशयास जागा असणें वेगळें आणि संशयास आधार असणें वेगळें.

आतां साक्षीदारांकडे वळूं. सर्वांत जवळचा म्हणजे मुंबईकर इंग्रज. २८ एप्रिल १६८० रोजीं त्यांनीं सुरतेस कळविलें कीं, शिवाजीराजे निश्चित वारले. त्यास तेवीस दिवस झाले. व्याधि रक्तातिसाराची असें ऐकिवांत असून आजार बारा दिवसांचा होता. येथें गणनेविषयीं एक खुलासा अवश्य आहे. इंग्रज तेव्हां जुन्या गणनेनें तारखा घालीत, आणि आपण महाराजांची म्हणून जी ३ एप्रिल ही तारीख सांगतों तीही त्याच गणनेची आहे. नव्या गणनेनें तो दिवस १३ एप्रिल येतो आणि वार शनिवारच पडतो. तेव्हां पत्र व तिथि यांची तुलना सरळ करतां येते. २८ मधून २३ वजा केल्यास ५ एप्रिल येते. म्हणजे पत्राचा हिशेब दोन दिवसांनीं चुकलेला आहे. ग्रँट डफनेंही १८२६ सालच्या आपल्या इतिहासांत ५ एप्रिल हीच तारीख दिली आहे; तिचा उगम याच हिशेबांत असावा असा आमचा तर्क आहे. दोन दिवसांची चूक ही ऐकीव बातमीची नेहमींची चूक होय, आणि ती असूनही पत्राची योग्यता कमी होत नाहीं. आदल्याच वर्षीं खांदेरीवरून या मंडळींचें महाराजांशीं उघड युद्ध जुंपलें होतें. गडावर काय चाललें आहे याची खबर राखणें हा त्यांच्या जीविताचा प्रश्न होता, आणि राणीस वांचविण्यांत वा बुडविण्यांत त्यांचा कवडीचा लाभ नव्हता.

दुसरा साक्षीदार कृष्णाजी अनंत सभासद. त्यानें जिंजीस राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून १६९७ सालीं बखर लिहिली व तींत ज्वराची व्यथा सांगितली. जेधे शकावली, जी कारीच्या जेध्यांकडून मिळून लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं छापून प्रसिद्ध केली, ती तिथि देते व पुढें जाते. शकावलीचा धर्मच तो. ‘मआसिर-इ-आलमगिरी’ या फारसी ग्रंथांत, घोड्यावरून परत आल्यावर उष्म्यानें दोनदां रक्त ओकून मृत्यु आला, असें आहे. ग्रँट डफ गुडघ्याची सूज, तींतून तीव्र ज्वर आणि सातव्या दिवशीं अंत, असें सांगतो. रक्तातिसारांत ज्वर असणें अशक्य नाहीं, म्हणून मुंबईचें पत्र व सभासद यांचा मेळ बसतो. बाकीच्यांचा बसत नाहीं, व तो ओढून ताणून बसवूं नये. परंतु यांपैकीं एकहि विष म्हणत नाहीं, हें ध्यानांत राहूं द्यावें.

यावर सभासदासंबंधीं एक आक्षेप निघतो आणि तो योग्य आहे. ज्याची आज्ञा तो राजा सोयराबाईंचाच पुत्र. त्याच्या पदरचा लेखक त्याच्या मातेवर विषप्रयोग कसा लिहील? लिहिणार नाहीं, हें उघड आहे. म्हणून सभासदाचें मौन हा सोयराबाईंच्या निर्दोषपणाचा पुरावा होऊं शकत नाहीं. कित्येक अभिमानी लेखक तसा तो करतात, तें चूक. आमची भिस्त सभासदावर नाहीं. ती परक्याच्या, निरिच्छ माणसाच्या पत्रावर आहे.

सभासदाच्या याच प्रकरणांतील दुसरी एक गोष्ट मात्र अधिक उद्बोधक आहे. महाराजांच्या मृत्युदिनीं धरणीकंप झाला, धूमकेतु दिसला, उल्कापात झाला, शंभुमहादेवाच्या तळ्याचें पाणी रक्तवर्ण झालें, असे उत्पात त्यानें दिले आहेत. नव्या पद्धतीचे वाचक हा भाग पुराणिकांचा म्हणून ओलांडून जातात. प्रस्तुत लेखकाच्या मतें येथें थांबावें. १६८० सालीं एक फार मोठा धूमकेतु खरोखर उगवला होता. जर्मन ज्योतिषी किर्ख यानें तो नोव्हेंबरांत प्रथम पाहिला, आणि डिसेंबर व पुढील जानेवारी या महिन्यांत त्याची शेपटी पृथ्वीच्या पाठीवर दूरदूर दिसली. म्हणजे चैत्रानंतर सात-आठ महिन्यांनीं! सतरा वर्षांनंतर आठवतांना सभासदाच्या, किंवा ज्यांच्या तोंडून त्यानें ऐकलें त्यांच्या, मनांत राजाचा मृत्यु व आकाशांतला केतु हीं दोन्हीं एकाच दिवशीं येऊन बसलीं असावींत. हें अनुमान आहे, सिद्धांत नव्हे. पण तें ग्राह्य धरल्यास लोकस्मृति कशी काम करते तें दिसतें : ती निखालस खोटें रचीत नाहीं, खऱ्या गोष्टी उचलून आपणास हव्या त्या दिवशीं नेऊन ठेवते.

विषाची गोष्टहि अशीच जागा बदलणारी आहे. १६७६ च्या आरंभीं महाराज साताऱ्यास बराच काळ आजारी होते. तेव्हांहि ते वारल्याची आवई उठली, आणि विष घातल्याचेंहि बोललें गेलें. फक्त त्या वेळीं विष घालणारा पुत्र संभाजी होता! राजे बरे झाले व पुढें चार वर्षें जगले, त्यांत कर्नाटकाची मोहीम केली. चार वर्षांनीं तीच कथा परत आली, पात्र तेवढें बदललें. जो सांचा एकदां खोटा ठरला त्यांतूनच काढलेली दुसरी मूर्ति खोटीच असेल असें नाहीं. परंतु तिच्याकडे पाहतांना सांचा विसरूं नये. खुद्द सुरतकर इंग्रजांनीं मुंबईच्या पत्रावर पटकन विश्वास ठेविला नाहीं. अशा वार्ता एखाद्या मोठ्या मसलतीच्या आधीं उठतात, असें त्यांनीं उलट लिहिलें. डिसेंबर उजाडला तरी बंगालकडील त्यांचे बंधु, हा मनुष्य इतक्यांदा मेला आहे कीं कित्येकांना तो अमर वाटूं लागला आहे, अशी थट्टा करीत होते. जिवंतपणीं ज्याच्या मरणाच्या अफवा उठल्या, त्याच्या मरणानंतर त्याच्या जिवंतपणाची अफवा उठावी, हें महाराजांच्याच भाग्याचें.

आतां विरुद्ध पक्षाचा सर्वांत बळकट पुरावा. डच कंपनीच्या १६८० सालच्या दप्तरांत, दुसऱ्या राणीनें विष दिलें असावें असें वर्तमान नोंदलेलें आहे. विषप्रवाद हा बखरकारांनीं शंभर-सव्वाशें वर्षांनीं रचला, असें म्हणणाऱ्यांनीं ही नोंद पाहिलेली नसावी. प्रवाद त्याच वर्षींचा आहे. यापुढें त्यास ‘मागाहूनची कल्पना’ म्हणून झटकतां येणार नाहीं. परंतु ती नोंदहि बोलणें नोंदते, पाहणें नोंदीत नाहीं. वात्स्यायनानें न्यायभाष्यांत ऐतिह्याचें लक्षण ‘अनिर्दिष्टप्रवक्तृक’ असें केलें आहे, म्हणजे ज्याचा प्रथम बोलणारा सांगतां येत नाहीं असें परंपरागत वचन. आप्ताचें ठरल्यास तें शब्दप्रमाणांत जाईल; न ठरल्यास वाऱ्यावर राहील. डच नोंद आज वाऱ्यावर आहे.

बखरींकडे येतां बोलणारा सांपडतो, आणि तेथेंच घोटाळा होतो. मल्हार रामराव चिटणीस यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं साताऱ्यास बखर लिहिली. तींत सोयराबाईंवरील आरोप संभाजीराजांच्या मुखीं घातला आहे. या घराण्याचे मूळपुरुष बाळाजी आवजी यांस संभाजीराजांनीं १६८१ सालीं देहदंड दिला होता, हें वाचकांस सांगणें नको. संभाजीराजांचें क्रौर्य जितकें गडद दिसेल तितकें या बखरीस इष्टच. आरोप करून सावत्र आईचे हाल करणारा पुत्र तिला हवाच होता. ‘शिवदिग्विजय’ बखर त्याच्याहि पुढें जाते. जें चिटणिसांच्या येथें आरोप आहे तें तिच्यांत घडलेली गोष्ट होऊन बसतें. ही बखर १८९५ सालीं बडोद्यास छापली गेली; ती आपणास शके १६४० ची म्हणविते, पण तिची भाषा व तिचीं माहितीचीं स्थळें पाहतां तितकें वय तिला देण्यास आम्ही तयार नाहीं.

चिटणीस परंपरेची परीक्षा करण्यास एक साधें साधन आहे, तें म्हणजे कालगणना. ग्रँट डफच्या कथनांत संभाजीराजे रायगडावर येतात, सोयराबाईंस विषप्रयोगाबद्दल धरतात व हालहाल करून मारतात. संभाजीराजे गडावर आले १८ जून १६८० रोजीं. पुतळाबाई सती गेल्या २७ जून रोजीं. आणि सोयराबाईंचा अंत झाला ऑक्टोबर १६८१ मध्यें, अण्णाजी दत्तो प्रभृतींचा दुसरा कट उघडकीस आल्यानंतर. मधले सोळा महिने कोठें गेले? पित्यास विष घालणारी स्त्री म्हणून जिला धरलें, तिला सोळा महिने त्याच गडावर नांदूं देणारा संभाजी हा चिटणिसांचा संभाजी नव्हे.

दुसरें साधन खुद्द संभाजीराजांचें. भाद्रपद शुद्ध १०, शके १६०२ (२४ ऑगस्ट १६८०) रोजीं त्यांनीं कुडाळच्या बाकरेशास्त्र्यांस संस्कृत दानपत्र दिलें. पिता जाऊन पांच महिने झालेले नाहींत, राज्य नुकतेंच हातीं आलेलें, राग ताजा; अशा वेळचा हा लेख आहे. त्यांत दोष आहे तो मंत्र्यांवर. सापत्नमातेचें मन मूळचें निर्मळ, तें मंत्र्यांनीं कलुषित केलें, अशा आशयाचें तें बोलणें आहे. दानपत्रांतील भाषा अलंकारिक असते, हें आम्हांस शिकविण्याची गरज नाहीं. आयुष्यभर तेंच शिकविलें. तरी पितृहत्येचा संशय मनांत असलेला पुत्र असला अलंकार योजणार नाहीं. हा एक लेख चिटणिसांच्या सर्व प्रकरणापेक्षां जड आहे.

एवढ्यावरून विष दिलेंच नाहीं असें सिद्ध झालें काय? नाहीं. बारा दिवसांचा रक्तातिसार नैसर्गिक कीं कृत्रिम, हें साडेतीनशें वर्षांनंतर वैद्याला सांगतां येणार नाहीं आणि पंतोजीला तर नाहींच. सिद्ध इतकेंच कीं, आज उपलब्ध कागदांवर कोणताहि न्यायाधीश सोयराबाईंस दोषी धरणार नाहीं. आणि व्याधीनें मृत्यु आला, हें म्हणणें निकटच्या व निरपेक्ष साक्षीवर उभें आहे. ज्यांच्या रुमालांत अद्याप न वाचलेले कागद आहेत, त्यांनीं यास धक्का देणारें कांहीं सांपडल्यास तें अवश्य पुढें आणावें. पण अस्सल आणावें.

‘अस्सल’ हा शब्द मुद्दाम घातला. एका संग्राहक स्नेह्यांनीं मागें मोठ्या उत्साहानें मला घरीं बोलावून एक मोडी पान दाखविलें. पान उत्तरकालीन नकलेचें, तिथिवांचून, कडेला कसरीनें खाल्लेलें. महाराजांच्या दुखण्याच्या ओळींत ‘विष’ हीं दोन अक्षरें स्पष्ट होतीं व पुढें पान फाटलें होतें. "झालें कीं नाहीं सिद्ध?" असें ते म्हणाले. मी म्हणालों, "रावसाहेब, ‘विषमज्वर’ हा शब्दहि याच दोन अक्षरांनीं सुरू होतो." आयुर्वेदांत हा रोग प्रसिद्ध आहे, आणि ओळींतील आधींचा शब्द ‘व्यथा’ असा होता. त्यांना वाईट वाटलें, तें मला दिसलें. चहा होईपर्यंत ते कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें कीं, यादींत या पानापुढें आतां काय लिहूं? मी सांगितलें : अक्षरें दोन लिहा, आणि पुढें फाटलेला भाग किती बोटें आहे तें मोजून लिहा.