नकाशावर नसलेला खड्डा

‘स्मार्ट सिटी’ हा शब्द आता आपल्याला नवा राहिलेला नाही. २५ जून २०१५ ला केंद्र सरकारचं अभियान सुरू झालं, टप्प्याटप्प्याने १०० शहरं निवडली गेली आणि ३१ मार्च २०२५ ला त्याची मुदत संपली. तेव्हा आता स्वागत किंवा टिंगल पुरे, जरा हिशोब मांडू. माझा मुद्दा एवढाच आहे: शहर किती डेटा गोळा करतं, यापेक्षा त्यातून कोण सुटतं, हे आधी विचारलं पाहिजे.

आधी एक परदेशातलं उदाहरण घेऊ. अमेरिकेतल्या बॉस्टन शहराने २०१२ च्या सुमारास ‘स्ट्रीट बम्प’ नावाचं अ‍ॅप आणलं. कल्पना झकास. मोबाइल गाडीत ठेवायचा. हादरा बसला की फोनमधला सेन्सर तो टिपणार, जीपीएस जागा सांगणार आणि माहिती थेट पालिकेकडे जाणार. अर्ज नको, हेलपाटे नकोत. पण आता बघा, नोंद कोणाची होणार? ज्याच्याकडे गाडी आणि स्मार्टफोन आहे, त्याची. त्या वेळी गरिबांकडे आणि म्हाताऱ्या माणसांकडे स्मार्टफोन कमी होते. म्हणजे सधन भागातले खड्डे नकाशावर उठून दिसणार आणि गरीब वस्तीतला रस्ता कागदोपत्री गुळगुळीत! यात यंत्र खोटं बोलत नाही. त्याला जेवढं ऐकू येतं, तेवढंच ते सांगतं.

बॉस्टनला हा धोका कळला होता, हे त्यांचं श्रेय. त्यांनी अ‍ॅप आधी पालिकेच्या रस्ते-निरीक्षकांच्या हाती दिलं, कारण ते सगळ्या भागांत फिरतात. गंमत म्हणजे नोंदलेल्या हादऱ्यांपैकी बरेच खड्ड्यांचे नव्हतेच. रस्त्यात खचलेल्या मॅनहोलच्या झाकणांचे होते.

आता पुण्याकडे या. अभियानाचे दोन भाग होते: एका निवडक क्षेत्राचा विकास आणि सगळ्या शहरासाठी तंत्रज्ञान. नागरिकांची मतं मागवून पुण्याने क्षेत्र निवडलं ते औंध-बाणेर-बालेवाडी, म्हणजे तुलनेने सुस्थितीतला भाग. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री शहराच्या दुसऱ्या टोकाला आंबिल ओढ्याला पूर आला आणि काठावरच्या वस्त्यांमध्ये माणसं गेली. पुराला ‘स्मार्ट सिटी’ जबाबदार होती, असं मी म्हणत नाही. पण ओढ्याचं पात्र अरुंद झालंय, हे काठावर राहणाऱ्या कोणालाही दिसत होतं. त्याला सेन्सर लागत नव्हता. त्या माणसाचं ऐकायची सोय लागत होती.

ही सोय अभियानाच्या रचनेतच कमी होती. ते राबवायला प्रत्येक शहरात कंपनी कायद्याखाली वेगळी कंपनी काढली. तिच्यात राज्य आणि महापालिका समान भागीदार. कामाला वेग यावा, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन बाई नगरसेवकाच्या दारात जाऊन बसू शकते. कंपनीच्या संचालक मंडळाचं दार तिने कुठे शोधायचं?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२० मध्ये कोविड आला, तेव्हा पुण्यासह अनेक शहरांत ‘स्मार्ट सिटी’ची नियंत्रण कक्षं वॉर रूम झाली आणि उपयोगी पडली. का पडली? कारण पडद्यावरच्या आकड्यांमागे घरोघर फिरणाऱ्या आशा सेविका आणि आरोग्य कर्मचारी होते. ज्यांच्या हातात फोन नाही, त्यांच्याही दारापर्यंत कोणीतरी गेलं होतं.

म्हणून मागणी साधी आहे. तक्रारींचा, पाण्याचा, वाहतुकीचा, कुठलाही डेटा असो, कोणत्या प्रभागातून किती नोंदी आल्या, हे पालिकेने जाहीर करावं. आणि जिथून नोंदीच आल्या नाहीत, तिथे आधी माणूस पाठवावा. उद्या तुम्हाला शहराचा चकचकीत नकाशा दाखवला, तर ठिपके कुठे नाहीत, ते विचारा. तिथे सगळं आलबेल असेलही. पण कोणी जाऊन बघितलंय का?